आपल्यापासून थोडं लांब
(वेळणेश्वर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांचे विद्यार्थी आज समोर बसलेले आहेत. त्यांच्यासमोर गुरुजींबद्दल मी काही सांगणं बरोबर नाही. मी विषयाकडेच वळतो.

विषय माझ्यावर सोपवला गेला तेव्हा मनात एकच प्रश्न होता. माणसाने चार माणसांपासून काही काळ बाजूला व्हावं का, आणि झालंच, तर त्याला स्वतःबद्दल काही खरं कळतं का? हा प्रश्न साधुसंन्याशांचा आहे असं आपण मानतो आणि सोडून देतो. मला तो घरातल्या, बाजारातल्या, राजकारणातल्या माणसाचा वाटतो. त्याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण याच गुहागर तालुक्यात जन्मलं.

९ मे १८६६ रोजी कोतळूकला, आपल्या आजोळी, गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. पुढचं चरित्र शाळेच्या पुस्तकात असतं : कागल, कोल्हापूर, मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज, १८८४ साली बी. ए., मग पुण्यात फर्ग्युसन कॉलेजातली प्राध्यापकी, न्यायमूर्ती रानड्यांची शिकवण. पुस्तकात एका परिच्छेदात आटोपलेलं एक वर्ष मात्र मला इथे सावकाश सांगायचं आहे. ते वर्ष १८९७.

गोखले तेव्हा एकतीस वर्षांचे होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले होते. साक्ष उत्तम झाली. इकडे पुण्यात प्लेग होता आणि प्लेग अधिकारी रँडच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. पुण्याच्या मित्रांची पत्रं लंडनला जात होती. त्या पत्रांत बायकांवरच्या अत्याचाराच्या बातम्या होत्या. गोखल्यांनी त्यांवर भरवसा ठेवून तिथल्या वर्तमानपत्राला ती हकिगत सांगितली. पार्लमेंटात गदारोळ झाला. मुंबई सरकारने सगळं साफ नाकारलं आणि पुरावा मागितला. दरम्यान २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली होती, पुण्यात धरपकड चालू होती आणि जुलैच्या अखेरीस टिळकांना अटक झाली. त्याच आठवड्यात गोखल्यांची बोट मुंबईला लागली. बोटीवरच पोलीस कमिशनर भेटायला आला. ज्यांनी पत्रं लिहिली होती त्यांतलं कोणी साक्षीला उभं राहीना, आणि त्यांची नावं सांगायला गोखले तयार नव्हते. हातात पुरावा नाही आणि मित्रांना तोंडघशी पाडायचं नाही. अशा वेळी या माणसाने ऑगस्टच्या सुरुवातीला जाहीर, बिनशर्त माफी मागितली. सरकारची मागितली आणि प्लेगच्या कामावरच्या सोजीरांचीही मागितली.

आज त्याची कल्पना करणं कठीण आहे. टिळक तुरुंगात आणि गोखले माफी मागून मोकळे, असा तो देखावा होता. पुण्याने त्यांना भित्रा ठरवलं. इंग्रजांनी खोटारडा ठरवलं. काही महिन्यांपूर्वी ज्याच्या साक्षीचं कौतुक होत होतं, त्याच्याशी रस्त्यात बोलायचं की नाही याचा विचार लोक करू लागले.

गोखले पुढे थोर झाले म्हणून त्या दिवसांकडे आपण सांत्वनाच्या नजरेने पाहतो. त्यांना तेव्हा पुढचं काही दिसत नव्हतं. माणूस स्वतःला ओळखतो तो पुष्कळसा दुसऱ्यांच्या डोळ्यांतून ओळखतो. कोणी प्रोफेसर म्हणतो, कोणी दादा म्हणतो, कोणी वहिनी म्हणते, आणि त्या हाकांना ओ देता देता आपण कोण हे ठरून जातं. त्या हाका एका महिन्यात बंद पडल्या की आत काय उरतं, हे फार थोड्यांना पाहावं लागतं. गोखल्यांना ते पाहावं लागलं. ते त्यांनी निवडलेलं नव्हतं, त्यांना बाजूला टाकलेलं होतं. पण टाकलेल्या जागेचं त्यांनी काय केलं, ते बघा.

एक तर ते प्लेगच्या कामाला लागले. ज्या कामावरून बदनामी झाली त्याच कामात, स्वयंसेवक म्हणून, पुण्याच्या गल्ल्यांत फिरू लागले. आणि ५ फेब्रुवारी १८९८ रोजी त्यांनी स्वतःपुरतं एक टिपण लिहिलं. ते कोणाला दाखवण्यासाठी नव्हतं. श्रीगुरू दत्तात्रेयाच्या कृपेने आपण काय काय साधायचा प्रयत्न करणार आहोत, याची ती यादी आहे. नियमाने योगाभ्यास करायचा. प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास, तत्त्वज्ञान, खगोल, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि फ्रेंच भाषा शिकायची. मुंबईच्या कायदेमंडळात जायचं, मग कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात जायचं, मग ब्रिटिश पार्लमेंटात जायचं, आणि तिथे तिथे देशाचं भलं करायचं. शेवटी उच्च प्रतीच्या धर्मतत्त्वांचा जगभर प्रसार करायचा.

ही यादी वाचली की पहिल्यांदा आश्चर्य वाटतं. सहा महिन्यांपूर्वी ज्याची अब्रू गेली, तो पार्लमेंटात जायचं लिहितो! पण मला त्यात जास्त मोलाचं वाटतं ते तिथे नसलेलं. त्या टिपणात कोणाविरुद्ध तक्रार नाही. पुण्याने काय केलं, मित्रांनी कसं वाऱ्यावर सोडलं, यातलं काही नाही. अपमान झालेला माणूस एकटा बसला की बहुतेक वेळा तो एकटा नसतोच. ज्यांनी अपमान केला ते सगळे त्याच्या खोलीत बसलेले असतात आणि तो रात्रभर त्यांना उत्तरं देत राहतो. गोखल्यांनी त्या सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग लेखणी घेतली. बाजूला होणं म्हणतात ते हे, अशी माझी समजूत आहे. अंगाने दूर जाणं त्यामानाने सोपं असतं.

१८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले, १९०१ साली वरिष्ठ कायदेमंडळावर निवडून आले, आणि मार्च १९०२ मधल्या अर्थसंकल्पावरच्या पहिल्याच भाषणाने देशभर नाव झालं. पार्लमेंट राहून गेलं. फ्रेंच किती आली हा भाग वेगळा.

आता याच धाग्याचं पुढचं टोक. १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी ठेवली. त्या काळात अभ्यास करायचा, देश फिरायचा. आधी बघ, वाच, ऐक, पुढारीपण मागाहून. मला यात १८९७ सालची जखम दिसते. ऐकीव गोष्टीवर विसंबून बोलल्याची किंमत त्यांनी मोजलेली होती. आणि ९ जानेवारी १९१५ रोजी गांधी दक्षिण आफ्रिकेहून मुंबईला उतरले, तेव्हा गोखल्यांनी त्यांनाही हेच सांगितलं : एक वर्ष देश हिंडा, कान उघडे ठेवा, सार्वजनिक प्रश्नांवर तोंड उघडू नका. वीस वर्षं आफ्रिकेत लढा दिलेला, जगात नाव झालेला पंचेचाळीस वर्षांचा माणूस, आणि त्याला सांगायचं की गप्प बस. सांगणाराही तसाच हवा आणि ऐकणाराही.

दीड महिन्याच्या आतच, १९ फेब्रुवारीला, गोखले वारले. वचन घेणारा गेला तरी गांधींनी वर्ष पाळलं. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून हिंडले, शांतिनिकेतनात राहिले, हरिद्वारच्या कुंभमेळ्यात गर्दीत फिरले. तिथेच त्यांनी दिवसात पाचांपेक्षा अधिक पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही, असं व्रत घेतलं. वर्ष संपलं आणि फेब्रुवारी १९१६ मध्ये काशीला हिंदू विद्यापीठाच्या समारंभात त्यांनी तोंड उघडलं. समोर हिऱ्यामोत्यांनी मढलेले राजेमहाराजे बसलेले. त्यांच्याच दागिन्यांवर गांधी बोलले. ॲनी बेझंट यांनी मध्येच थांबवायचा प्रयत्न केला, सभा उधळली. वर्षभर दाबलेलं बोलणं होतं ते, आणि वर्षभर डोळ्यांनी पाहिलेलंही होतं.

त्या भाषणाची बातमी काशीतच एका कोकणी तरुणाने वाचली. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या, गागोद्याचा विनायक नरहर भावे, म्हणजे पुढचे विनोबा. परीक्षेला म्हणून निघून वाटेत गाडी बदलून काशीला आलेला. त्याने गांधींना पत्र लिहिलं आणि जून १९१६ मध्ये तो कोचरबच्या आश्रमात दाखल झाला. कोतळूकहून निघालेली एक गोष्ट काशीमार्गे गागोद्याला जोडली जाते. सांगताना मला फार बरं वाटतं.

विनोबांनी आश्रमात येऊन वर्षही झालं नसेल तेव्हा गांधींकडे एक वर्षाची रजा मागितली. आवडत्या माणसापासून, आवडत्या कामापासून रजा! प्रकृती सुधारायची होती आणि शास्त्रांचा अभ्यास पुरा करायचा होता. ते वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे गेले, उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य शिकले. महाराष्ट्रात पायी हिंडले, किल्ले पाहिले, गावोगाव गीतेवर बोलले. वाईच्या मुलांना जमवून वाचनालय चालवलं आणि त्याच्या खर्चासाठी मुलांबरोबर जात्यावर बसून लोकांचं दळण दळून दिलं. शांकरभाष्य वाचणारा माणूस दोन पैशांसाठी पीठ काढतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. मग या सगळ्याचा हिशेब एका लांबलचक पत्रात गांधींना कळवला : काय शिकलो, काय सोडलं, किती चाललो. आणि वर्ष भरलं त्याच दिवशी आश्रमाच्या दारात उभे राहिले. गांधींना ती तारीख लक्षातही नव्हती.

यात दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे परतायची तारीख ठरलेली होती. दुसरी म्हणजे हिशेब द्यायला कोणी तरी होतं.

पहिलीबद्दल वाद होणार नाही. दुसरीबद्दल होईल. लोक म्हणतील, स्वतःला बघायचं आहे तर दुसरा कशाला? तो नको म्हणून तर बाजूला जायचं. मी इथल्या दर्यावर्दी माणसांना उगाच शिकवणार नाही, पण होडीत बसलेल्यांना हे लगेच कळेल. मासळीची नेमकी जागा पुन्हा सापडावी म्हणून जुने नाखवे किनाऱ्यावरच्या खुणा धरत. देवळाचा कळस, रांगेतला एखादा उंच माड, मागच्या डोंगराचं टोक. एका खुणेवरून होडी कुठे आहे ते कळत नाही. माड दिसतो आहे एवढ्याने तुम्ही शंभर ठिकाणी असू शकता. जवळचा माड आणि मागचं टोक एका ओळीत आलं की एक रेघ पक्की होते, तशीच दुसरी जोडी दुसऱ्या बाजूला मिळाली की दोन रेघा जिथे छेदतात ती जागा. आणि हे सगळं पाण्यात लांब गेल्यावरच जमतं. वाळूत उभं राहून डोंगर दिसतच नाही, माडांच्या आड जातो. माणसाचं मला तसंच वाटतं. लांब जायला हवंच, पण नजर लावायला किनाऱ्यावर काही तरी उभं हवं, आणि ते एकापेक्षा जास्त हवं. एकट्याच्या मनाला स्वतःशी खोटं बोलायला फार वेळ लागत नाही. गोखल्यांना मागे रानडे होते, विनोबांना गांधी होते. आता होडीवर जीपीएस आलं आहे. माणसासाठी तसलं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही.

लांब जाणं पुरेसं नसतं, याची साक्ष आपल्या जिल्ह्यानेच द्यावी असा एक योग आहे. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि मंडालेच्या राजवाड्यातून थिबा राजाला उचललं. त्याला १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवलं. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला थिबा पॅलेस तुम्ही सहलीला जाऊन पाहिला असेल. आणि रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारने त्यांना नेलं ते मंडालेला, त्या राजाच्याच किल्ल्यातल्या लाकडी तुरुंगात. इकडून एक तिकडे, तिकडून एक इकडे. टिळकांनी १९१०-११च्या हिवाळ्यात, काही महिन्यांत, पेन्सिलीने 'गीतारहस्या'चा मसुदा लिहून काढला. सुटून आल्यावर १९१५ साली ग्रंथ छापून आला. टिळक बाहेर असते तर तो लिहून झाला असता असं मला वाटत नाही. केसरी, खटले, सभा, यांतून ती सलग बैठक मिळालीच नसती.

थिबाबद्दल मात्र मन कळवळतं. त्याला तीस वर्षं मिळाली, समोर समुद्र मिळाला, तनखा मिळाला. काम काहीच मिळालं नाही आणि परतीची तारीखही नाही. ज्याला जायचंच नाही कुठे, त्याला मागे वळून पाहण्यात काय उरतं? नुसतं अंतर माणसाला आतून खाऊन टाकतं. एकांताची थोरवी गाणाऱ्यांनी रत्नागिरीच्या थिबा पॅलेसच्या टेकडीवर जाऊन यावं आणि मग बोलावं.

आणि टेकडीपर्यंत तरी कशाला? आपल्याच वाड्यांतून संध्याकाळी एक फेरी मारा. किती घरांना कुलूप आहे, आणि किती घरांत सत्तरीच्या पुढचं एकच माणूस आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मुलगा डोंबिवलीला, सून नोकरीला, नातवंडं गणपतीला आणि शिमग्याला. एरवी बोलायला कोण? एसटी येते तेवढा वेळ स्टॉपवर माणसं दिसतात. अशा आजीला मी एकांताचं महत्त्व सांगू लागलो तर ते पाप होईल. तिला माणसं हवीत. मी बोलतो आहे ते ज्यांच्याभोवती माणसं, कामं, मागण्या यांचा इतका गराडा आहे की आपण यातले नेमके कोण हा प्रश्नही त्यांना विचारायला मिळत नाही, त्यांच्याबद्दल.

आणि त्यात पहिल्या येतात त्या बायका.

आतापर्यंत मी ज्यांची नावं घेतली ते सगळे पुरुष. ते निघाले तेव्हा घरात कोणी तरी चूल पेटवत होतं. म्हणून मला लक्ष्मीबाई टिळकांबद्दल बोलायचं आहे. त्या माहेरच्या गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८. लग्न अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी झालं. ते आपल्या जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या करजगावचे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं टोकाचं होतं; बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. त्या घरात मुलगी वाढली. आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये नवऱ्याने मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्या काळच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ नवरा जिवंतपणी मेला असाच होता. नातलगांनी लक्ष्मीबाईंना आणि लहानग्या दत्तूला जवळ घेतलं, मग काही वर्षं पंढरपूरला बहिणीच्या घरी गेली. दुःखाने तब्येत ढासळली. सगळे सांभाळत होते, सगळे कीव करत होते, आणि तू आता अशी अशी आहेस हे रोज तिला सांगत होते. पण त्याच वर्षांत ती बाई हळूहळू स्वतः विचार करू लागली. कवितेच्या ओळी जुळवू लागली. अखेर सगळ्यांचा विरोध पत्करून नवऱ्याकडे गेली, आणि गेल्यावरही धर्म बदलला नाही. सोवळं ठेवलं, पाणी वेगळं ठेवलं. नवऱ्याने जबरदस्ती केली नाही, हे त्यांचं मोठेपण. मग एकदा ती बाई मनाशी एकटीच विचार करत बसली आणि जात माणसाने केलेली आहे, देवाने नाही, या निर्णयाला आली. नवऱ्याने सांगितलं म्हणून आली नाही, मिशनऱ्यांनी शिकवलं म्हणून आली नाही. त्यानंतर कोणाच्याही हातचं खायला तयार झाली. १९०० साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला.

तिची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी आली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने लिहिलेलं ते पुस्तक मराठीतलं सर्वोत्तम आत्मचरित्र आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी या वर्षी वाचावं. वडिलांचं सोवळं, नवऱ्याचा संताप, स्वतःचं रडणं, या सगळ्याकडे ती इतक्या मोकळेपणाने पाहते की वाचणारा हसतो आणि लगेच त्याचा घसा दाटतो. हे पाहणं कुठून आलं? मला वाटतं, त्या काही वर्षांत ती ना धड सुवासिनी होती, ना विधवा. ना माहेरची, ना सासरची. कोणत्याच घराची नाही अशी एक जागा नशिबाने तिला दिली. तिथे तिला फार सोसावं लागलं. पण तिथूनच तिला दोन्ही घरं दिसली, आणि त्या घरांनी घडवलेली लक्ष्मीही दिसली.

आता मी समोर बसलेल्या ताईंना आणि वहिनींना विचारतो. तुम्हाला अशी जागा नवरा सोडून जाण्याआधी मिळते का? पूर्वी माहेरपण होतं. चार दिवस आईच्या घरी जायचं, उशिरा उठायचं, कोणी तरी पानात वाढायचं. आता माहेरीसुद्धा भाऊ-भावजय मुंबईला आणि घराला कुलूप. पर्यटनाचा हंगाम आला की गावातल्या बायका पाहुण्यांच्या जेवणात असतात. पुण्या-मुंबईची माणसं समुद्राकाठी शांत बसायला येतात, आणि त्यांना शांत बसता यावं म्हणून इथली बाई पहाटे उठून घावन घालते, दुपारी सोलकढी करते, रात्री भांडी घासते. पाहुण्यांनी यावं, जरूर यावं. पण ज्या बाईच्या कष्टावर त्यांची शांतता उभी आहे, तिला वर्षातून चार दिवस तरी त्याच किनाऱ्यावर काही न करता बसायला मिळतं का? मला हा प्रश्न फार टोचतो. आणि तो फक्त वेळणेश्वरचा नाही.

याची एक वेगळी रीतही आहे. इगतपुरीला १९७६ पासून धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र आहे. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात जन्मले, तिथे ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि ती विद्या इकडे घेऊन आले. दहा दिवसांचं शिबिर, बोलायचं नाही, लिहायचं-वाचायचं नाही, मोबाइल दारातच जमा. त्या साधनेविषयी इथे निवाडा करायला मी बसलेलो नाही. पण तिथल्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला पटते. शिबिराची फी नसते. आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर ते चालतं, आणि स्वयंपाकाला जुने साधक सेवेकरी म्हणून येतात. म्हणजे कोणी तरी बाजूला बसावं म्हणून दुसऱ्याने स्वखुशीने पदर खोचलेला असतो, आणि पुढच्या खेपेला पाळी उलटी होते. एकाच्या एकांताचा भार नेहमी दुसऱ्या एकीवर पडावा हे तिथे तरी टळलं आहे.

दहा दिवस कोणाला जमणार, हा रास्त प्रश्न आहे. तुकोबांचं उदाहरण घ्या. १६३० च्या दुष्काळाने घर मोडलं. सांगतात की सावकारीची खतं त्यांनी धाकट्या भावाबरोबर वाटून घेतली आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडून दिला. मग ते भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसू लागले. तो डोंगर हिमालयात नाही. देहूच्या घरातून पायी निघावं आणि पायी परत यावं, एवढ्या अंतरावर आहे. तिथे बसलेला माणूस पुन्हा गावात येऊन कीर्तनाला उभा राहिला. कुणबी, वाणी, बायका-पोरं, सगळ्यांसमोर. डोंगरावर जे कळलं ते गावाने पारखून घेतलं. एकांतात सापडलेली गोष्ट चार माणसांत टिकते का, हे पाहिल्याशिवाय ती सापडली असं तरी कसं म्हणायचं?

मुलांनो, तुम्हाला वेगळं सांगायला हवं. दहावी झाली की तुमच्यातले बरेच जण चिपळूणला, पुण्याला, मुंबईला जाल. तिथे गेल्यावर पहिल्यांदा तुम्हाला वेळणेश्वर दिसेल. आत्ता दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्या आत आहात. आपण कसं बोलतो, कशाला घाबरतो, कोणाला आपलं म्हणतो आणि कोणाला म्हणत नाही, ते परक्या खोलीत एकदम उघडं पडेल. काहींना त्याची लाज वाटेल, काहींना नको इतका अभिमान वाटेल. दोन्हींची घाई करू नका. रोज रात्री हातातला फोन त्याच गावातल्या त्याच मित्रांना लावलात, तर तुम्ही मुंबईत राहूनही वेळणेश्वर सोडलेलं नसेल. अधूनमधून फोन खाली ठेवा आणि एक वही घ्या. गोखल्यांसारखी यादी करा. पार्लमेंटात जायचं असेल तर तेही लिहा. फक्त त्यात कोणाची तक्रार लिहू नका.

शेवटी एक विनंती, आणि ती करायला मी आलो आहे असं समजलात तरी चालेल. या गावात कुलूप लावलेली चांगली, चिरेबंदी घरं आहेत. किल्ल्या शेजाऱ्यांकडे असतात, पावसाआधी कौलं बघायला कोणी तरी येतं, बाकी वर्षभर ओटी रिकामी असते. ज्या चाकरमान्यांची अशी घरं आहेत त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी जरी ठरवलं, तर हंगाम नसताना एकेक घर आठवडाभर गावातल्या एखाद्या बाईला देता येईल. तिचं जेवण तिच्या घरच्यांनी करून द्यायचं, शेजारणीने पोचवायचं. त्या आठवड्यात तिच्याकडे कोणी काही मागायचं नाही. ती वाचेल, झोपेल, समुद्रावर चालेल किंवा नुसती बसून राहील. तिला कोणी विचारायचं नाही. परतल्यावर तिला सांगावंसं वाटलं तर ऐकायला माणूस हवं, ते तिने निवडावं. खर्च जवळजवळ काहीच नाही. अडचण आहे ती पुरुषांनी आठ दिवस स्वयंपाक करण्याची, आणि 'लोक काय म्हणतील' याची. दुसरीवर उपाय एकच. पहिली बाई गावातल्या कोणत्या तरी मानाच्या घरातली असावी.

शिमग्याला सगळी घरं उघडतात आणि सगळे गावात असतात. पालखी फिरून झाली की सहाणेवर बसाल, तेव्हा याचा विचार करा आणि पहिलं घर कोणाचं ते ठरवा.